गोणपाटावरचे शंभर दाणे

मे महिना सरत आला की जालना जिल्ह्यातल्या ओसऱ्यांवर ओली गोणपाटं दिसू लागतात. कृषी सहायक गावोगाव तेच सांगत फिरतो. घरचं सोयाबीन पेरणार असाल तर आधी उगवण तपासा. पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठमूठ दाणे घ्या, मिसळा आणि न निवडता शंभर मोजा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडून गुंडाळी करा, सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा. चार-पाच दिवसांनी गुंडाळी उलगडून चांगले कोंब मोजा. सत्तर किंवा जास्त आले तर हेक्टरी ७५ किलो बियाणं पुरतं, कमी आले तर त्या प्रमाणात वाढवायचं.

या एवढ्या कृतीत संख्याशास्त्राचं पहिलं पुस्तक जवळजवळ सगळं येऊन जातं. त्यात 'न निवडता' हे दोन शब्द सगळ्यात महत्त्वाचे, आणि नेमके तेच पाळले जात नाहीत. दाणे मोजताना हात आपसूक टपोऱ्या दाण्याकडे जातो. फुटका, सुरकुतलेला दाणा बाजूला पडतो. गोणपाटावर नव्वद उगवतात, शेतात साठ. मग दोष पावसाला, नाहीतर खताला. नमुना घेताना प्रत्येक दाण्याला सारखी संधी मिळाली नाही, तर पुढचं गणित कितीही बिनचूक केलं तरी उत्तर चुकणारच.

हे सगळं जालन्याच्या संदर्भात लिहिण्याला कारण आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि त्यांच्या मागोमाग आलेल्या कंपन्यांनी या शहराला 'बियाण्यांची राजधानी' असं नाव मिळवून दिलं. ज्या जिल्ह्यातून देशभर बियाणं जातं, तिथल्या माणसाला पिशवीवरच्या टक्केवारीचा अर्थ बाकीच्यांपेक्षा जास्त कळायला हवा. तो कळतोच असं मात्र नाही.

सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची किमान उगवण ७० टक्के ठरलेली आहे. समजा, एका लॉटची खरी उगवण बरोबर सत्तर आहे. त्यातली एक बॅग एका भावानं घेतली, दुसरी चुलतभावानं. दोघांनी गोणपाट लावलं. एकाकडे ७५ उगवले, दुसऱ्याकडे ६४. "दादा, तुला चांगला माल दिला, मला उरलेला," असं म्हणत दुसरा दुकानदाराकडे निघतो. दुकानदारानं काहीही केलेलं नसतं. शंभर दाण्यांच्या चाचणीत एवढं इकडे-तिकडे होतंच.

किती होतं, तेही काढता येतं. दाण्यांची संख्या गुणिले उगवण्याची संभाव्यता गुणिले न उगवण्याची संभाव्यता, म्हणजे १०० × ०.७ × ०.३, उत्तर २१. त्याचं वर्गमूळ साधारण ४.६. हे प्रमाण विचलन: निकाल सरासरीच्या आजूबाजूला सहसा किती पसरतात त्याचं माप. सत्तरच्या दोन्ही बाजूंना त्याच्या दुप्पट, म्हणजे साधारण नऊ अंतर धरलं की ६१ ते ७९ असा पट्टा मिळतो आणि शंभरातल्या सुमारे पंचाण्णव चाचण्या त्यातच पडतात. ६४ या पट्ट्यात आहे. साठ किंवा त्याहून कमी येण्याची शक्यता मात्र शंभरात दोनच. तिथे शंकेला जागा आहे.

काही जण कंटाळून दहाच दाणे लावतात. उगवण सत्तर टक्के असलेल्या चांगल्या बियाण्याच्या दहा दाण्यांपैकी पाच किंवा त्याहून कमी उगवण्याची शक्यता १५ टक्के आहे. म्हणजे अशा सात चाचण्यांतली एक चांगल्या बियाण्याला नापास करणार. दहा दाण्यांची चाचणी करण्यापेक्षा न केलेली बरी.

बीज परीक्षण प्रयोगशाळेत शंभर-शंभरचे चार गट करून चारशे दाणे लावतात. दाणे चौपट केले की टक्केवारीतली चूक निम्मी होते, ४.६ वरून २.३ वर येते. चौपट केल्यावर चौपट कमी होत नाही, ही या शास्त्राची कंजुषी आहे आणि तिच्यापुढे कुणाचं चालत नाही. आंतरराष्ट्रीय बीज परीक्षण संघटनेचा एक तक्ता आहे. सरासरी उगवण सत्तर असेल तर चार गटांतला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा यांत १८ पर्यंत फरक चालतो. त्यापुढे गेला तर चाचणी पुन्हा. सगळं काही मोजून-मापून करणाऱ्या प्रयोगशाळेलाही अठराचं अंतर मान्य आहे, आणि आपण अकरावर भांडायला निघतो.

आता सरकी घ्या. उगवण ७५ टक्के धरू. कपाशी चार बाय दोन फुटांवर लावली तर एकरी ५,४४५ जागा होतात. प्रत्येक जागी एकच सरकी टोबली तर चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे १,३६० जागा रिकाम्या राहतील. दोन टोबल्या तर दोन्ही न उगवण्याची शक्यता पाव गुणिले पाव, म्हणजे सोळात एक. रिकाम्या जागा ३४०. पण त्याच वेळी ३,०६० च्या आसपास जागी दोन्ही उगवतील आणि तिथे विरळणीची मजुरी लागेल. एक सरकी टोबली तर नांग्या भरण्यात पैसा जातो, दोन टोबल्या तर बियाण्यात आणि विरळणीत. पाकीट स्वस्त होतं तेव्हा लोक दोन-दोन टोबत. बीटीचं पाकीट नऊशेच्या घरात गेल्यावर एकच सरकी टोबून बांधावर पिशव्यांत जादा रोपं तयार ठेवणारे दिसू लागले. यातल्या कुणीही संभाव्यतेचा गुणाकार कागदावर केलेला नाही, पण हिशोब तोच आहे.

हा गुणाकार एका अटीवर उभा आहे. एक सरकी उगवली की नाही याचा शेजारच्या सरकीशी काही संबंध नसावा. गोणपाटावर ही अट बऱ्यापैकी पाळली जाते. शेतात पाळली जात नाही. पेरणीनंतर जोराचा पाऊस येऊन वर कडक ऊन पडलं की काळ्या रानावर पापुद्रा धरतो आणि त्याखालचे सगळेच कोंब एकदम अडकतात. पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर होण्याआधी घाई केली आणि नंतर उघडीप पडली, तर अख्खं शेत एकाच कारणानं जातं. एका गावात दहा शेतांची सरासरी उगवण सत्तर आली म्हणू. ती दहाही शेतांत सत्तर-सत्तर असेल. किंवा नऊ शेतांत पंचाहत्तर आणि दहाव्यात पंचवीस असेल. सरासरी तीच. दहाव्याला मात्र दुबार पेरणी करावी लागते.

२०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी इतक्या आल्या की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. आदल्या वर्षी काढणीच्या वेळी लांबलेल्या पावसानं बियाण्याचं पीक भिजलं होतं. म्हणजे कारण एक आणि त्याचा फटका हजारो बॅगांना. अशा वेळी 'प्रत्येक दाण्याचं नशीब वेगळं' हे गृहीतच मोडून पडतं. माझ्या मते संभाव्यता शिकवताना नाणं आणि फासा यांवर इतका वेळ घालवण्यापेक्षा हा एक प्रश्न मुलांना लवकर विचारायला शिकवावं: या दोन घटना खरंच सुट्या आहेत का? नाणं सुटंच असतं, त्यातून हा प्रश्न कधी उभाच राहत नाही.

पावसाकडे वळू. जिल्ह्याची जून ते सप्टेंबरची सरासरी सरकारी तक्त्यात ६०३ मिलिमीटर आहे. 'सरासरीच्या ९८ टक्के पाऊस' अशी बातमी वाचून मुंबईतला नातेवाईक फोनवर अभिनंदन करतो. इथे जुलैत तीन आठवड्यांचा खंड पडलेला असतो आणि सप्टेंबरात दोन रात्रींत सगळी तूट भरून निघालेली असते. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाले की ती अतिवृष्टी. अशा चार रात्री मिळून २६० मिलिमीटर, म्हणजे हंगामाच्या सरासरीतला चाळीस टक्क्यांहून मोठा वाटा होतो, आणि त्यातलं बरंच पाणी दुधना नाहीतर पूर्णेनं वाहून जातं. सरासरी किती पडला ते सांगते, कसा पडला ते सांगत नाही. मराठवाड्यात २०१२ चा दुष्काळ, २०१४ आणि २०१५ ची लागोपाठ तूट, २०१६ चा भरपूर पाऊस, २०१८ ला पुन्हा दुष्काळ. २०२३ मध्ये राज्यानं जाहीर केलेल्या चाळीस दुष्काळी तालुक्यांत जालना, बदनापूर, भोकरदन, अंबड आणि मंठा हे पाच आपले. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टी. या सगळ्यांची सरासरी काढली तर एक बऱ्यापैकी वर्ष निघतं, जे प्रत्यक्षात क्वचितच येतं.

'दोन वर्षं वाईट गेली, आता तिसरं चांगलंच जाणार' असं पारावर हमखास ऐकू येतं. पावसाला मागची बाकी चुकती करायची नसते.

बाजार समितीचा फलक मात्र मला आवडतो. तिथे कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण असे तीन दर लिहितात. दहावीच्या पुस्तकात मध्य, मध्यक आणि बहुलक अशी त्रयी आहे. त्यातल्या बहुलकाच्या जवळ जाणारा हा सर्वसाधारण दर, म्हणजे जास्तीत जास्त माल ज्या भावानं गेला तो. मुहूर्ताच्या सौद्याला एखाद्या क्विंटलाला मिळालेला चढा भाव दुसऱ्या दिवशी बातमीचा मथळा होतो. शेतकऱ्यानं तिसऱ्या रकान्यात पाहावं.

पण ज्या सरासरीवर पैसे मिळणं न मिळणं ठरतं ती पीक विम्याची, आणि तिचा उगम थेट एका मराठी माणसापर्यंत जातो. पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मले. लंडनला संख्याशास्त्र शिकून आले आणि १९४० पासून दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत लागले. तोवर पिकाचा अंदाज पटवाऱ्याच्या नजरेवर होता, अमुक आणे पीक. सुखात्म्यांनी आणि वि. गो. पानशांनी त्याऐवजी चिठ्ठीच्या पद्धतीनं गाव, मग गट, मग त्या गटातला तुकडा निवडून तो कापून तोलायची पद्धत देशभर बसवली. तुकडा किती मोठा असावा यावर संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी त्यांचा वाद गाजला. महालनोबिस छोट्या तुकड्यांच्या बाजूचे. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की फार छोट्या तुकड्यातून निघालेलं उत्पन्न फुगतं. कारण कडेवरचं ताट आत की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत घेतो, आणि तुकडा जितका लहान तितका कडेचा वाटा मोठा. गोणपाटावर टपोरा दाणा उचलणारा हात तो हाच. १९५१ साली सुखात्मे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले, पण त्यांची पद्धत इथे राहिली. आजही पीक कापणी प्रयोगात शेताच्या नैऋत्य कोपऱ्यातून पावलं मोजत, चिठ्ठीत आलेल्या अंकांप्रमाणे तुकडा आखतात.

विम्याचं उंबरठा उत्पन्न कसं निघतं ते पाहू. मागच्या सात वर्षांतली सर्वांत चांगली पाच वर्षं घेऊन त्यांची सरासरी काढायची आणि तिचे ७० टक्के धरायचे. समजा, एखाद्या मंडळात सोयाबीन हेक्टरी १४, ६, १३, १५, ४, १२, ११ क्विंटल झालं. सातांची सरासरी १०.७. चढत्या क्रमानं लावून मधला आकडा, म्हणजे मध्यक, १२. दोन दुष्काळी वर्षांनी सरासरी खाली ओढली. मध्यक त्या मानानं कमी हलला. वाईट दोन वर्षं वगळली की पाचांची सरासरी १३ आणि उंबरठा ९.१. या वर्षी मंडळाची सरासरी ७ आली तर तूट २.१, म्हणजे उंबरठ्याच्या २३ टक्के, आणि विमा रकमेचे तेवढेच टक्के मिळणार. सरासरी ९.५ आली तर काहीच नाही, मग तुमच्या शेतात तीन क्विंटल झालेलं असो.

ही ९.५ किती पक्की? महसूल मंडळात मुख्य पिकाचे किमान दहा प्रयोग व्हावे लागतात. दहा तुकड्यांतल्या उत्पन्नाचं प्रमाण विचलन चार क्विंटल धरलं तर त्यांच्या सरासरीतली चूक चार भागिले दहाचं वर्गमूळ, म्हणजे साधारण सव्वा क्विंटल. उंबरठा आणि निकाल यांत अंतर ०.४ चं. म्हणजे चिठ्ठीत दुसरे दहा गट निघाले असते तर अख्ख्या मंडळाला पैसे मिळालेही असते. चूक निम्मी करायची तर दहाच्या जागी चाळीस प्रयोग हवेत. तेवढी माणसं सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गर्दीत कुणाकडेच नसतात.

विमा इतका अवघड का, याचंही मूळ पुन्हा त्या सुटेपणाच्या अटीत आहे. बाजारपेठेतल्या हजार दुकानांपैकी वर्षाला दोन-चारांना आग लागते, बाकीच्यांच्या हप्त्यातून त्यांची भरपाई होते. दुष्काळ एका शेताला पडत नाही. २०१२ मध्ये जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा एकामागून एक नव्हे, एकदमच वाळल्या. सगळ्यांना एकाच वर्षी द्यावं लागत असेल तर गावच्या गावात हप्ते गोळा करून भागत नाही. म्हणून केंद्र आणि राज्य हप्त्याचा मोठा भार उचलतात, आणि विमा कंपनी आपली जोखीम पुढे दुसऱ्या कंपनीकडे उतरवते.

राज्यानं २०२३ च्या खरिपात आणलेली एक रुपयात पीक विम्याची योजना २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. सोयाबीनला विमा रकमेच्या दोन टक्के आणि कपाशीला पाच टक्क्यांपर्यंत हप्ता पुन्हा शेतकऱ्याकडे आला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांच्या निकालावर आली. प्रयोगाच्या वेळी गावकऱ्यांना हजर राहता येतं. तुमच्या मंडळातले गट चिठ्ठीनंच निघाले का, तुकडा कोपऱ्यातून पावलं मोजूनच आखला का, कडेची ताटं कुठल्या बाजूला गेली आणि वजन कुणासमोर झालं, हे कृषी सहायकाला आणि तलाठ्याला विचारायचं ते तिथेच, कापणीच्या दिवशी.