बादलीत अडकलेली मूठ

मनमाडहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की अंकाई किल्ल्याच्या परिसरात एक उंच सुळका दिसतो. कोणीतरी मूठ वळून अंगठा आकाशाकडे उभा धरावा, तसा त्याचा आकार आहे. त्याला हडबीची शेंडी म्हणतात. या सुळक्यापायी नांदगावच्या आमच्या घरात एके दिवशी मोठी फजिती झाली. फजिती एवढ्यासाठीच म्हणायचे की तिचा शेवट बरा झाला.

दिवस रविवारचा. मुलांची आई एका लग्नासाठी मालेगावला गेलेली, आणि घरचा कारभार माझ्याकडे. आठवीतल्या मुलीला सोमवारी शाळेत आपल्या परिसरातील भूरूपाची प्रतिकृती न्यायची होती. तिने हडबीची शेंडी निवडली आणि बाजारातून प्लॅस्टर ऑफ पॅरिसची दोन पुडकी आणली. पहिले पुडके आम्ही दोघांनी मिळून कालवले, पण ते फार पातळ झाले आणि सुळका उभा राहण्याऐवजी ताटात पसरला. इतक्यात नळाला पाणी आले. मी पिंपे भरायला धावलो. तिकडे दूध उतू गेले, आणि धाकट्याने डिंकाची बाटली वर्तमानपत्रावर उपडी केली. मी एका हाताने शेगडी पुसत होतो आणि दुसऱ्या हाताने त्याची बोटे सोडवत होतो.

मुलीला मधल्या वेळात एक कल्पना सुचली. सुळका अंगठ्यासारखा दिसतो, मग आपल्याच अंगठ्याचा साचा का करू नये? तिने दुसरे पुडके त्याच न धुतलेल्या बादलीत ओतले, या खेपेस पाणी बेताने घालून घट्ट कालवले, आणि अंगठा ताठ करून मूठ मनगटापर्यंत आत बुडवली.

दहा मिनिटेही झाली नसतील. तिची हाक आली, "बाबा, बादली गरम व्हायला लागलीय!"

मी स्वयंपाकघरातूनच म्हणालो, "शाबास! उष्णता बाहेर पडते आहे. तुला अभिक्रिया सापडली."

थोड्या वेळाने पुन्हा हाक आली, आणि आता आवाज वेगळा होता. "बाबा, हात निघत नाहीये."

पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी बादलीत काय घडत होते ते पाहू. मला त्या क्षणी ते कळायला हवे होते. विशिष्ट उष्णतेची उदाहरणे मी फळ्यावर वर्षानुवर्षे सोडवून घेतो. ते गणित घरातल्या बादलीला लावायचे मात्र राहून गेले होते.

जिप्सम हे एक खनिज आहे. आपल्या देशात ते मुख्यतः राजस्थानात सापडते. पॅरिसमधील मोंमार्त्र टेकडीवर जिप्समच्या खाणी होत्या, त्यावरून या भुकटीला पॅरिसचे नाव मिळाले. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्याच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू स्फटिकात बांधलेले असतात. जिप्सम सुमारे १२० ते १५० अंश सेल्सिअसपर्यंत भाजले की त्यातील तीन चतुर्थांश पाणी निघून जाते आणि पांढरी भुकटी उरते. हेच आपले प्लॅस्टर. त्यात पाणी घातले की ते हरवलेले पाणी परत घेते आणि पुन्हा जिप्सम बनते. भट्टीत पाणी हाकलण्यासाठी उष्णता द्यावी लागली होती. पाणी परत आले की तिचा काही भाग बाहेर पडतो. प्लॅस्टर गरम होते ते यामुळे.

किती गरम होते? आता थोडे गणित करू. १ किलो प्लॅस्टर पूर्णपणे आवळले की सुमारे २८ किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. समजा, आपण त्यात ६०० ग्रॅम पाणी घातले. त्यातील सुमारे १८६ ग्रॅम पाणी स्फटिकांत बांधले जाईल, म्हणजे ११८६ ग्रॅम जिप्सम तयार होईल, आणि ४१४ ग्रॅम पाणी मोकळे राहील. जिप्समची विशिष्ट उष्णता सुमारे ०.२६ आणि पाण्याची १ आहे. सगळ्या मिश्रणाचे तापमान १ अंशाने वाढवायला किती उष्णता लागेल?

११८६ × ०.२६ + ४१४ × १ = सुमारे ७२२ कॅलरी.

आता २८००० ला ७२२ ने भागा. उत्तर येते सुमारे ३९. म्हणजे उष्णता अजिबात बाहेर गेली नाही, तर २८ अंशाचे मिश्रण ६७ अंशांपर्यंत चढेल! पाणी कमी घातले तर त्याहूनही वर.

तुम्ही म्हणाल, "हाड मोडल्यावर डॉक्टरही प्लॅस्टर घालतात, तेव्हा रोगी कसा भाजत नाही?" प्रश्न योग्य आहे. मॅथायसेन नावाच्या डच लष्करी शल्यचिकित्सकाने १८५० नंतरच्या काही वर्षांत प्लॅस्टरची पट्टी प्रचारात आणली, आणि ती जगभर वापरली गेली. परंतु पट्टीचा थर पातळ असतो, त्याखाली कापूस असतो, आणि तिला चारी बाजूंनी हवा लागते. गरम खिचडी मधोमध बोट न घालता कडेने खावी, असे आजी सांगते ना? कडेची खिचडी लवकर निवते, मधली तशीच धगधगत राहते. तसेच हेही आहे.

आकड्यांत पाहायचे तर १ सें.मी. बाजूचा घन घ्या. त्याचे घनफळ १ घ.सें.मी. आणि पृष्ठफळ ६ चौ.सें.मी. आता १० सें.मी. बाजूचा घन घ्या. घनफळ १०००, पृष्ठफळ ६००. म्हणजे मोठ्या घनातील प्रत्येक घन सेंटिमीटरच्या वाट्याला फक्त ०.६ चौ.सें.मी. पृष्ठभाग आला, लहान घनाच्या एक दशांश. उष्णता तयार होते सगळ्या घनफळात आणि बाहेर जाते फक्त पृष्ठभागातून. बादलीभर प्लॅस्टर मधोमध तापत जाते ते यामुळेच, आणि नेमकी मधोमध मूठ होती.

माणसाची त्वचा किती तापमान सोसते, याचा अभ्यास मॉरिट्झ आणि हेन्रिकेस या अमेरिकी संशोधकांनी १९४७ साली प्रसिद्ध केला. ४४ अंशाला गंभीर इजा व्हायला सुमारे सहा तास लागतात, पण ६० अंशाला पाच-सहा सेकंद पुरतात! एरवी चटका बसला की आपण हात मागे घेतो. इथे तेच शक्य नव्हते. मूठ रुंद आणि मनगट अरुंद, त्यामुळे प्लॅस्टर आवळले की मूठ बाहेर निघायला वाटच नाही. शिवाय आवळताना प्लॅस्टर किंचित फुगते.

आणि ते इतक्या लवकर कसे आवळले? बादली न धुतल्यामुळे. खडीसाखर करताना पाकात दोरा सोडतात. त्याला चिकटलेल्या साखरेच्या कणांभोवती नवे स्फटिक झपाट्याने वाढतात. बादलीच्या कडांना चिकटलेले पहिल्या खेपेचे जिप्सम असेच स्फटिकबीज ठरले. मिश्रण घट्ट होते, हे आणखी एक कारण.

आता राहिलेली हकीकत. मी बादलीला हात लावला आणि मला घाम फुटला. प्लॅस्टर नुकतेच आवळलेले, म्हणजे अजून कच्चे होते, एवढेच काय ते आमचे नशीब. पक्कड आणि सुरीने प्लॅस्टिकची बादली कापून काढली. गोळ्याच्या कडेला, हातापासून दूर, स्क्रूड्रायव्हर टेकवून हातोडीचे हलके ठोके दिले. तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला गोळा तडकला. हात लालभडक झाला होता. नळाचे पाणी अजून चालू होते, त्याखाली तो वीस मिनिटे धरला आणि लगेच डॉक्टरांकडे गेलो. फोड आले नाहीत. चार-पाच दिवसांत लाली गेली.

सर्वांचेच नशीब असे नसते. २००७ साली इंग्लंडमधील एका शाळेत सोळा वर्षांच्या मुलीने कलेच्या तासाला हातांचा साचा करण्यासाठी दोन्ही हात प्लॅस्टरच्या बादलीत घातले. तिची बहुतेक बोटे शस्त्रक्रिया करून काढावी लागली. शाळेला पुढे न्यायालयाने दंड केला. पण दंडाने बोटे परत येत नाहीत.

म्हणून लक्षात ठेवा. हात, पाय, चेहरा, शरीराचा कोणताही भाग प्लॅस्टरमध्ये बुडवू नका. अंगठ्याचा साचा हवा असेल तर ओल्या शाडूत अंगठा दाबा, बाहेर काढा आणि त्या खळग्यात प्लॅस्टर ओता. कोणाचा हात अडकलाच तर ते निवण्याची वाट पाहू नका. मोठ्या माणसांना बोलवा, गोळा ताबडतोब फोडा, हात वाहत्या पाण्याखाली धरा आणि डॉक्टर गाठा. भाजल्यावर बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नका. उरलेले प्लॅस्टर मोरीत ओतू नका, ते नळीत दगड होऊन बसेल.

शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग मात्र जरूर करा. कागदाच्या दोन पेल्यांत प्रत्येकी १०० ग्रॅम प्लॅस्टर आणि ६० ग्रॅम पाणी कालवा. भुकटी नाकात जाऊ देऊ नका. एका पेल्यात जुन्या, आवळलेल्या प्लॅस्टरची चिमूटभर पूड मिसळा. प्रयोगशाळेतील तापमापीला प्लॅस्टिकची पातळ पिशवी गुंडाळून ती पेल्यात उभी करा, नाहीतर तापमापी कायमची आतच राहील! ताप पाहण्याचा थर्मामीटर चालणार नाही. दर दोन मिनिटांनी तापमान लिहा आणि आलेख काढा. कोणता पेला आधी तापतो? सर्वांत जास्त तापमान किती? आपल्या ६७ अंशांपेक्षा ते कमी का आले?

आमच्या मुलीने तो सुळका शेवटी शाडूच्या साच्यातून केला आणि सोमवारी शाळेत नेला. खरी हडबीची शेंडीही एकेकाळी तप्त लाव्हाच होती. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो थरावर थर पसरला आणि निवून बेसॉल्ट झाला. जाड थर उशिरा निवले, पातळ लवकर. नियम तोच होता. तो आम्हाला घरात, एका बादलीने शिकवला.