आजीचा मिक्सर आणि अमेरिकेची वीज



परवा पाचवीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, "बाई, आत्या अमेरिकेला चाललीय. आजीनं तिच्या बॅगेत मिक्सर भरलाय. तिथं चालंल का?" मागच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, "पिन बदलली की चालतंय की!"

हे उत्तर मुलंच नाही, मोठी माणसंही देतात. आमच्या घरीही दिलं होतं. अमेरिकेहून भेट आलेलं कॉफीचं यंत्र अडॅप्टर लावून सुरू केलं आणि मिनिटभरात धूर निघाला. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, वीज बदलत नाही.

व्होल्टेज म्हणजे काय?

मुलांना पाण्याच्या टाकीचं उदाहरण द्यावं. टाकी जितकी उंच, तितका नळाला दाब जास्त. विजेचा दाब म्हणजे व्होल्टेज. आपल्याकडे घरात 230 व्होल्ट असतो, अमेरिकेत 120, जपानमध्ये 100.

इस्त्री, गीझर अशा तापणाऱ्या वस्तूंचा हिशेब सोपा आहे. दाब निम्मा झाला की प्रवाहही निम्मा होतो. निम्म्याचं निम्मं म्हणजे पाव! म्हणून आपली 1000 वॅटची इस्त्री तिथं साधारण 270 वॅटच देते, कपड्याची घडी काही मोडत नाही. उलट तिथली वस्तू इथं लावली तर दाब जवळजवळ दुप्पट आणि उष्णता साडेतीन पटीहून जास्त. आमच्या घरचा धूर त्याचाच!

फ्रिक्वेन्सी म्हणजे काय?

घरातली वीज सतत पुढं-मागं होत असते. आपल्याकडे सेकंदाला 50 फेऱ्या, अमेरिकेत 60. जपानमध्ये तर गंमतच आहे. सुरुवातीला टोकियोकडं जर्मन आणि ओसाकाकडं अमेरिकन जनित्रं आली, म्हणून आजही पूर्वेला 50 आणि पश्चिमेला 60.

वर्गासाठी एक गणित: विजेच्या फेऱ्या मोजून चालणारं अमेरिकन घड्याळ योग्य ट्रान्सफॉर्मर लावून कोल्हापुरात चालवलं, तर तासाला किती मागं पडेल? (उत्तर: 10 मिनिटं. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फेऱ्या नाही.)

मग मिक्सरचं काय?

मिक्सरच्या कार्बन ब्रशवाल्या मोटरला 50-60 चा फारसा फरक पडत नाही, व्होल्टेजचा पडतो. 120 वर तो हळू फिरतो. भिजवलेली डाळ घातली की अडकतो, आणि अडकलेली मोटर तापून जळू शकते. त्यासाठी व्होल्टेज वाढवणारा, म्हणजे स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतो. 750 वॅटच्या मिक्सरला किमान 1000 वॅटचा घ्यावा. तो चांगलाच जड असतो. त्यापेक्षा 120 व्होल्टचा मिक्सरच घेतलेला बरा. इस्त्रीही तिथंच घ्यावी.

मोबाईल आणि लॅपटॉपचे चार्जर मात्र बहुतेक वेळा बिनधास्त न्यावेत. त्यांच्यावर '100-240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ' असं छापलेलं असतं. तेवढं वाचून खात्री करावी. तिथं खरोखरच नुसती पिन बदलून भागतं.

घरचा अभ्यास

मुलांना घरातल्या पाच वस्तूंवरच्या पट्ट्या वाचून व्होल्ट, हर्ट्झ आणि वॅट वहीत लिहायला सांगा. वस्तूची पिन मोठ्यांनी आधी काढून ठेवावी. मग प्रत्येक वस्तूपुढं 'अमेरिकेत चालेल की नाही' हेही लिहू द्या.

आमच्या वर्गातली ती मुलगी दुसऱ्या दिवशी सांगत आली, "बाई, आजीनं मिक्सर काढला. त्या जागी चटणीचा डबा बसला!"