होडीच्या इंजिनाला उसना दम

समजा, जाळी ओढून झाली, वारा होडीला खडकांकडे लोटतो आहे, आणि बटण दाबलं तर इंजिन नुसतं ‘टक्‌’ करून गप्प! अशा वेळी जवळ भरलेला बूस्टर हवा. बूस्टर म्हणजे इंजिन सुरू करण्यापुरती वीज उसनी देणारी, हातात धरून नेता येणारी बॅटरी.

घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. होडीची बॅटरी १२ व्होल्टची असेल तर बूस्टरही १२ चाच हवा. २४ ची असेल तर २४ चा. दुसरं, डिझेल इंजिनात हवा फार दाबली जाते, म्हणून ते फिरवायला प्रवाह जास्त लागतो. खोक्यावरचा ‘पीक’ अँपिअरचा आकडा क्षणभराचा असतो, त्यावर भुलू नका.

जोडताना आधी लाल चिमटा बॅटरीच्या धन टोकाला. मग काळा, बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूला. का बरं? बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो ठिणगीनं पेटतो. पेट्रोलचा वास येत असेल तर जोडूच नका. काढताना काळा आधी.

खारी हवा धातू खाते. चिमटे पुसून कोरडे ठेवा. न वापरताही बूस्टर हळूहळू उतरतो. म्हणून जून-जुलैच्या पावसाळी बंदीत होडी शाकारलीत की तो घरी आणून भरा, आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा तपासा.

आणि उसनं रोजच मागावं लागलं, तर दोष बूस्टरचा नव्हे. होडीची बॅटरी तपासून घ्या.