निद्रा पक्षाघात

निद्रा पक्षाघात ही झोप लागताना किंवा झोपेतून जागे होताना उद्भवणारी एक तात्पुरती अवस्था आहे. या अवस्थेत व्यक्ती शुद्धीवर असते, आजूबाजूची खोली तिला दिसत असते; परंतु हातपाय हलवणे किंवा बोलणे तिला शक्य होत नाही. ही स्थिती काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत टिकते आणि आपोआप संपते. नावात 'पक्षाघात' हा शब्द असला, तरी मेंदूच्या रक्तपुरवठ्यात बिघाड होऊन येणाऱ्या अर्धांगवायूशी तिचा संबंध नाही.

लक्षणे

शरीर न हलणे हे मुख्य लक्षण होय. त्याच्या जोडीला अनेकदा तीव्र भीती आणि भास असतात. या भासांचे साधारणपणे तीन गट केले जातात. पहिल्या गटात खोलीत कोणीतरी शिरले आहे असे वाटते; पावलांचा आवाज येतो किंवा काळी आकृती दिसते. दुसऱ्या गटात छातीवर कोणी बसल्यासारखा दाब जाणवतो, गुदमरल्यासारखे होते आणि मृत्यू जवळ आल्याची भावना निर्माण होते. तिसऱ्या गटात तरंगणे, पडणे किंवा स्वतःच्या शरीराबाहेर असणे असे अनुभव येतात.

कारणे

झोपेच्या ज्या टप्प्यात डोळ्यांची जलद हालचाल होते आणि ठळक स्वप्ने पडतात, त्याला 'रेम' निद्रा म्हणतात. शिकागो विद्यापीठातील यूजीन ॲसेरिन्स्की व नथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे फ्रेंच संशोधक मिशेल जूव्हे यांनी मांजरांवरील प्रयोगांतून या टप्प्यात शरीराचे स्नायू शिथिल होतात हे दाखवले. मेंदूच्या स्तंभाकडून येणारे संदेश मज्जारज्जूतील चालक चेतापेशींना रोखून धरतात. त्यामुळे स्वप्नातील हालचाली प्रत्यक्षात घडत नाहीत. निद्रा पक्षाघातात जाणीव जागी होते, पण ही शिथिलता आणि स्वप्नातील प्रतिमा मात्र तशाच सुरू राहतात.

छातीवरील दाबाचे स्पष्टीकरणही यातूनच मिळते. श्वासपटल काम करत असल्याने श्वास चालू असतो. मात्र बरगड्यांमधील स्नायू शिथिल असल्यामुळे इच्छेनुसार खोल श्वास घेता येत नाही. घाबरलेल्या व्यक्तीला हाच अडथळा गळा दाबल्यासारखा वाटतो.

अपुरी किंवा अनियमित झोप, रात्रपाळी, मानसिक ताण आणि उताणे झोपणे यांमुळे या अवस्थेची शक्यता वाढते. नार्कोलेप्सी या निद्राविकाराचे हे एक लक्षण आहे. परंतु अन्यथा निरोगी असलेल्या व्यक्तींनाही हा अनुभव येतो.

प्रमाण

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३५ अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार, सर्वसाधारण लोकसंख्येपैकी सुमारे ७.६ टक्के लोकांना आयुष्यात किमान एकदा हा अनुभव आला होता. विद्यार्थ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे २८ टक्के होते.

इतिहास आणि लोकसमजुती

सतराव्या शतकातील डच वैद्य इस्ब्रांड व्हान डीमरब्रुक यांनी पन्नास वर्षांच्या एका स्त्रीची हकिकत नोंदवली आहे. रात्री कधी सैतान, तर कधी मोठा कुत्रा किंवा चोर आपल्या छातीवर बसतो, असे तिला वाटत असे. हेन्री फ्यूसेली यांच्या १७८१ मधील 'द नाइटमेअर' या चित्रात झोपलेल्या स्त्रीच्या छातीवर बसलेला राक्षस दाखवला आहे. जपानमध्ये या अवस्थेला 'कानाशिबारी', तर कॅनडातील न्यूफाउंडलंड येथे 'ओल्ड हॅग' म्हणजे म्हातारी चेटकीण असे म्हणतात. महाराष्ट्रातही छातीवर भूत बसल्याची समजूत आढळते. प्रत्येक समाजात आकृतीचे नाव बदलते. दाब, भीती आणि अचलता मात्र सारखीच राहते.

लाओसमधून अमेरिकेत आलेल्या ह्मोंग निर्वासितांमध्ये 'दा चॉ' हा आत्मा झोपेत छाती दाबतो अशी श्रद्धा आहे. १९७७ नंतरच्या काही वर्षांत या समाजातील अनेक निरोगी तरुण पुरुष झोपेत अचानक दगावले आणि ही भीती अधिकच वाढली. आग्नेय आशियाई लोकांमधील अशा मृत्यूंचा संबंध पुढे ब्रुगाडा सिंड्रोम या हृदयाच्या विद्युत्-कार्यातील दोषाशी जोडला गेला. निद्रा पक्षाघात स्वतः प्राणघातक मानला जात नाही.

उपचार आणि काळजी

बहुतेकांना औषधाची गरज नसते. आपल्याला काय होत आहे हे समजले तरी भीती बरीच कमी होते. ठरावीक वेळी पुरेशी झोप घेणे आणि कुशीवर झोपणे उपयुक्त ठरते. झटका आल्यावर धडपडण्याऐवजी संथ श्वासाकडे लक्ष देण्याचा किंवा बोटांसारखा लहान अवयव हलवून पाहण्याचा सल्ला दिला जातो. झटके वारंवार येत असतील, झोपण्याचीच भीती वाटू लागली असेल किंवा दिवसा अनावर झोप येत असेल, तर डॉक्टरांकडून तपासणी करून घेणे आवश्यक आहे. अशा रुग्णांना काही वेळा रेम निद्रा कमी करणारी नैराश्यरोधक औषधे दिली जातात.