क्लाउडमधले कस्टम रोल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

क्लाउडवर कोणतीही कृती होण्याआधी यंत्रणा एकच गोष्ट तपासते. मागणी करणारी व्यक्ती किंवा प्रोग्रॅम कोण आहे आणि त्याला या वस्तूवर ही क्रिया करण्याची परवानगी आहे का? गूगल क्लाउडमध्ये अशा प्रत्येक परवानगीचे नाव सेवा, वस्तू आणि क्रिया अशा तीन भागांचे असते. ‘कम्प्युट.इन्स्टन्सेस.स्टार्ट’ म्हणजे कम्प्युट सेवेतले व्हर्च्युअल मशीन सुरू करण्याची परवानगी. अशा हजारो परवानग्या आहेत आणि त्या कोणाला सुट्या देता येत नाहीत. त्यांचा संच करावा लागतो आणि तो संच म्हणजे रोल. ओनर, एडिटर आणि व्ह्यूअर हे बेसिक रोल प्रोजेक्टमधल्या जवळजवळ सगळ्या सेवांना व्यापतात. प्रीडिफाइन्ड रोल गूगलनेच एकेका सेवेसाठी तयार ठेवलेले असतात. या दोहोंत हवे ते माप सापडले नाही, तर संस्था स्वतः परवानग्या निवडून रोल बनवते, तो कस्टम रोल.

पुढच्या विवेचनासाठी एक साधी गरज धरता येईल. रात्रपाळीच्या ऑपरेटरने बंद पडलेली मशीन सुरू करावीत, प्रसंगी थांबवावीत, पण नवी बनवू नयेत आणि असलेली पुसू नयेत. कम्प्युट इन्स्टन्स ॲडमिन हा तयार रोल त्याला दिला, तर मशीन बनवणे आणि पुसणेही त्याच्या हाती जाते. कस्टम रोलची खरी जागा इथे आहे.

गैरसमज : कस्टम रोल बनवला की सुरक्षा आपोआप वाढते

किमान अधिकारांचे तत्त्व क्लाउडपेक्षा बरेच जुने आहे. सॉल्ट्झर आणि श्रोडर यांनी १९७५ च्या शोधनिबंधात ते मांडले : प्रत्येक प्रोग्रॅमने आणि प्रत्येक वापरकर्त्याने कामापुरत्याच अधिकारांवर चालावे. कस्टम रोल हे तत्त्व पाळण्याचे एक साधन आहे, इतकेच. एडिटर रोलची नक्कल करून त्यातल्या दहा-वीस ओळी खोडल्या आणि त्याला संस्थेचे नाव दिले, तर तो तांत्रिक अर्थाने कस्टम रोल होतो, पण धोका होता तिथेच राहतो. उलट, नेमका बसणारा प्रीडिफाइन्ड रोल उपलब्ध असेल तर तोच घेणे शहाणपणाचे, कारण त्याची देखभाल गूगल करते.

जादा अधिकारांची किंमत किती मोठी असू शकते हे २०१९ साली अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेच्या प्रकरणात दिसले. ही बँक ॲमेझॉनच्या क्लाउडवर होती. फायरवॉलच्या रचनेतल्या चुकीमुळे घुसखोराला एका रोलची तात्पुरती ओळखपत्रे मिळाली आणि त्या रोलला साठवणुकीतले बकेट पाहण्याची व त्यांतला मजकूर वाचण्याची मुभा होती. सुमारे १० कोटी ६० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. पुढच्या वर्षी बँकेला ८ कोटी डॉलरचा दंड झाला. फायरवॉलच्या कामासाठी असलेल्या ओळखीला ग्राहकांच्या अर्जांचे बकेट वाचता येत नसते, तर फायरवॉलमधल्या चुकीचे परिणाम बरेच मर्यादित राहिले असते.

गैरसमज : परवानग्या थोड्या, म्हणजे रोल निरुपद्रवी

परवानग्यांची संख्या मोजून काहीच कळत नाही. केवळ वाचण्याच्या शंभर परवानग्यांपेक्षा एकटी ‘आयएएम.रोल्स.अपडेट’ अधिक घातक ठरू शकते. ती ज्याच्याकडे आहे, तो स्वतःला दिलेल्या कस्टम रोलमध्ये हवी ती परवानगी घालून घेऊ शकतो. ‘सेट-आयएएम-पॉलिसी’ने शेवट होणाऱ्या परवानग्या दुसऱ्याला, आणि अर्थातच स्वतःलाही, रोल देण्याचा अधिकार देतात. सर्व्हिस अकाउंटची, म्हणजे प्रोग्रॅमसाठीच्या खात्याची, की बनवण्याची परवानगी म्हणजे त्या अकाउंटचे सगळे अधिकार खिशात घालून नेण्याची सोय.

काही परवानग्या जोडीने धोकादायक होतात. मशीन बनवण्याची परवानगी आणि सर्व्हिस अकाउंट वापरण्याची ‘ॲक्ट-ॲज’ परवानगी एकाच हाती आली, की एखादे बलाढ्य सर्व्हिस अकाउंट जोडून नवे मशीन उभे करता येते आणि त्यात शिरून त्या अकाउंटच्या नावाने कामे करता येतात. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये ‘पास-रोल’ या परवानगीबाबत हीच काळजी घ्यावी लागते. म्हणून रोल तपासताना प्रत्येक ओळीपाशी दोन प्रश्न विचारायला हवेत : ही परवानगी काय करू देते, आणि हिच्या आधाराने आणखी कोणते अधिकार मिळवता येतात?

गैरसमज : रोलमध्ये नाही, म्हणजे मनाई आहे

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज हा आहे. गूगल क्लाउडमधले रोल फक्त देतात, काढून घेत नाहीत. एका व्यक्तीला मिळालेल्या सगळ्या रोलची बेरीज होते. शिवाय अधिकार वरून खाली झिरपतात : ऑर्गनायझेशनवर दिलेला रोल तिच्या सगळ्या फोल्डरांना लागू होतो, फोल्डरवर दिलेला त्यातल्या सगळ्या प्रोजेक्टांना, आणि प्रोजेक्टवर दिलेला त्यातल्या प्रत्येक वस्तूला. ऑपरेटरसाठी चार ओळींचा नेटका रोल बनवला, पण तो ज्या ईमेल गटात आहे त्या गटाला दोन वर्षांपूर्वी कोणीतरी फोल्डरवर एडिटर दिलेला असेल, तर ऑपरेटर मशीन आजही पुसू शकतो. नवा रोल बरोबरच असतो, पण जुना रोल अधिकार देतच राहतो. ठाम मनाई हवी असेल तर डिनाय पॉलिसी वेगळी लिहावी लागते. ती रोलच्या आधी तपासली जाते आणि तिथे नकार आला की कोणताही रोल कामाला येत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या अझुरमध्ये हा घोटाळा आणखी वाढतो, कारण तिथल्या रोलच्या व्याख्येत ‘नॉट-ॲक्शन्स’ नावाचा रकाना आहे. नाव वाचून तो मनाईचा वाटतो. प्रत्यक्षात ती त्या एका रोलपुरती वजाबाकी आहे. कॉन्ट्रिब्युटर या अंगभूत रोलमध्ये जवळजवळ सगळे देऊन, इतरांना अधिकार वाटण्याची क्रिया या रकान्यातून वगळलेली आहे. त्याच व्यक्तीला युजर ॲक्सेस ॲडमिनिस्ट्रेटर हा दुसरा रोल मिळाला, की वगळलेली क्रिया तिला परत मिळते. अझुरमधल्या ‘असाइनेबल स्कोप्स’ या रकान्याबद्दलही असाच समज आढळतो. तो रोल कुठे कुठे देता येईल एवढेच त्यातून ठरते. त्यात सबस्क्रिप्शनचे नाव लिहिल्याने कोणाला काही मिळत नाही.

गैरसमज : डेटा मुंबईत किंवा पुण्यात आहे, म्हणजे प्रवेशही तिथल्यांपुरताच

गूगल आणि ॲमेझॉनची केंद्रे मुंबई परिसरात आहेत, तर अझुरचा मध्य भारत विभाग पुण्यात. विभाग निवडल्याने डेटा कुठे साठेल ते ठरते. तो कोण वाचेल हे रोल ठरवतो, आणि रोल हातात असलेली व्यक्ती जगात कुठेही बसून तो वाचू शकते. जागा, वेळ किंवा नेटवर्क यांची अट हवी असेल तर ती स्वतंत्रपणे घालावी लागते.

गैरसमज : ॲडमिनने एकदा चालवून पाहिले, म्हणजे चाचणी झाली

ॲडमिनच्या खात्यातून केलेल्या चाचणीला काडीचाही अर्थ नाही, कारण त्याचे आधीचे अधिकार नव्या रोलमधली प्रत्येक उणीव झाकून टाकतात. चाचणीसाठी दुसरा कोणताच अधिकार नसलेली ओळख लागते. सोपा मार्ग असा : चाचणीच्या वेगळ्या प्रोजेक्टमध्ये एक नवे सर्व्हिस अकाउंट बनवावे, त्याला फक्त हा रोल द्यावा आणि इम्पर्सोनेशन वापरून त्याच्या ओळखीने आदेश चालवावेत. त्यासाठी की डाउनलोड करण्याची गरज पडत नाही.

मग दोन याद्या हव्यात. पहिली, जे जमले पाहिजे त्याची : मशीनची यादी दिसणे, एकाची माहिती वाचणे, सुरू करणे, थांबवणे. दुसरी, जे जमता कामा नये त्याची : मशीन बनवणे, पुसणे, डिस्कची प्रत काढणे, स्वतःला किंवा दुसऱ्याला रोल देणे. बहुतेक ठिकाणी पहिली यादी पूर्ण झाली की रोल वापरात येतो. दुसरी यादी लिहिलीच जात नाही, आणि रोल ज्यासाठी बनवला ते तर तिच्यातच असते. दुसऱ्या यादीतल्या प्रत्येक आदेशाला स्पष्ट नकार मिळाल्याची नोंद ठेवल्याशिवाय चाचणी पूर्ण मानू नये.

पहिली यादीही वाटते तितकी सरळ नसते. ऑपरेटरच्या रोलमध्ये यादी पाहणे, माहिती वाचणे, सुरू करणे आणि थांबवणे या चारच परवानग्या ठेवल्या, तर आदेश दिल्यावर मशीन सुरू होते आणि तरीही पडद्यावर नकाराचा संदेश येतो. आदेश चालवणारे साधन काम पूर्ण झाले का हे पाहत थांबते आणि त्यासाठी ‘कम्प्युट.झोनऑपरेशन्स.गेट’ ही पाचवी परवानगी लागते. वेब कन्सोलवरून काम होणार असेल तर प्रोजेक्टची माहिती वाचण्याच्या परवानग्याही लागतात. म्हणून लोक प्रत्यक्षात ज्या वाटेने काम करणार, त्याच वाटेने चाचणी व्हावी.

वेळेचेही भान हवे. गूगल क्लाउडमध्ये पॉलिसीतला, म्हणजे कोणाला कोणता रोल दिला याच्या नोंदीतला, बदल साधारण दोन मिनिटांत लागू होतो, पण कधी सात मिनिटे किंवा अधिकही लागतात, आणि गटाच्या सदस्यत्वातले बदल त्याहून बरेच रेंगाळू शकतात. रोल काढून लगेच चाचणी घेतली आणि आदेश चालला, तर तेवढ्यावरून रोल काढला गेला नाही असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

हाताशी साधनेही आहेत. ‘टेस्ट-आयएएम-परमिशन्स’ला परवानग्यांची यादी दिली की विचारणाऱ्याकडे त्यांतल्या कोणत्या आहेत ते कळते. पॉलिसी ट्रबलशूटर एखाद्या व्यक्तीला एखादी परवानगी का मिळाली किंवा का नाकारली गेली याचा माग काढतो. गटामार्फत झिरपलेला जुना एडिटर इथेच सापडतो. पॉलिसी सिम्युलेटर मागच्या ९० दिवसांतले प्रवेशाचे प्रयत्न नव्या पॉलिसीवर ताडून पाहतो आणि बदल केल्यास कोणाचे काम अडेल ते आधीच दाखवतो.

अझुरमध्ये आणखी एक थर तपासावा लागतो. तिथे व्यवस्थापनाच्या क्रिया आणि डेटावरच्या क्रिया वेगवेगळ्या नोंदल्या जातात. स्टोरेज अकाउंटवर रीडर असलेल्याला अकाउंटची माहिती दिसते, पण त्यातल्या फाइली वाचता येत नाहीत. कॉन्ट्रिब्युटरकडेही डेटाच्या क्रिया नसतात, मात्र अकाउंटच्या की पाहण्याची क्रिया असते आणि त्या कीच्या जोरावर फाइलींपर्यंत पोहोचता येते. नकाराची चाचणी अशा आडवाटांनीही घ्यावी लागते.

गैरसमज : हवी ती परवानगी, हव्या त्या ठिकाणी

गूगलमध्ये कस्टम रोल ऑर्गनायझेशन किंवा प्रोजेक्ट या दोनच पातळ्यांवर बनतो, फोल्डरवर बनत नाही. प्रत्येक पातळीवर ३०० रोलची मर्यादा आहे. काही परवानग्या कस्टम रोलमध्ये चालतच नाहीत, तर प्रोजेक्टांची यादी पाहण्यासारखी परवानगी फक्त ऑर्गनायझेशनच्या रोलमध्ये चालते.

गैरसमज : रोल एकदा बनला की काम संपले

प्रीडिफाइन्ड रोलमध्ये नव्या सुविधांच्या परवानग्या गूगल स्वतः घालते. कस्टम रोल मात्र आपोआप बदलत नाही. सेवेत नवी सुविधा आली की कालपर्यंत चालणारे काम त्या सुविधेपाशी अडते. याची दुसरी बाजू म्हणजे साठत जाणाऱ्या परवानग्या : अडले की एक ओळ घालायची, आणि काढायची कधीच नाही. ९० दिवसांपर्यंतचा वापर पाहून न वापरलेल्या परवानग्या काढण्याची शिफारस गूगलची यंत्रणा करते. ती उपयोगी आहे, पण मार्चअखेरीला वर्षातून एकदाच होणारे काम तिला सप्टेंबरमध्ये दिसणार नाही. अशा परवानग्या रोलच्या वर्णनात कारणासह लिहून ठेवाव्यात.

दोघांनी एकाच वेळी रोल बदलला तर एकाचा बदल पुसला जाऊ नये म्हणून व्याख्येत ‘ई-टॅग’ असतो. तो जुना निघाला की बदल स्वीकारला जात नाही. रोलची व्याख्या फाइलमध्ये लिहून तिच्या आवृत्त्या ठेवल्या, तर कोणती ओळ कधी आणि कशासाठी आली हेही सापडते.

नको असलेला रोल थेट पुसण्याआधी ‘डिसेबल्ड’ टप्प्यावर नेऊन कोणाचे काम अडते ते पाहता येते. पुसलेला रोल सात दिवसांत परत आणता येतो. त्यानंतर तो कायमचा काढण्याची प्रक्रिया सुरू होते, ती ३० दिवस चालते, आणि त्याच आयडीने नवा रोल बनवण्यासाठी पुसल्यापासून ३७ दिवस थांबावे लागते.