शाकाहारी मासे व शेवाळनियंत्रण

उन्हाळ्यात शहाडजवळ उल्हास नदीचे पात्र जलपर्णीने झाकले जाते. याच परिसरातून ठाणे, भिवंडी व मीरा-भाईंदर या शहरांना पाणी जात असल्याने हा प्रश्न केवळ शोभेचा नव्हे. पात्रात शाकाहारी मासे सोडावेत, हा उपाय कोणालाही सुचणे स्वाभाविक आहे. त्याचा विचार करण्यापूर्वी, जेथे हा उपाय नित्य योजला जातो त्या खाऱ्या पाण्याच्या प्रवाळ-मत्स्यालयाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. कारण काचेच्या बंद पेटीत काय आले व काय गेले, याचा हिशेब ठेवता येतो.

प्रवाळ मंदगतीने वाढतात, शेवाळ झपाट्याने. पाण्यातील नायट्रेट व फॉस्फेट वाढले की शेवाळ प्रवाळांवर पसरून त्यांचा प्रकाश अडविते. म्हणून सर्जन मासे पाळले जातात. परंतु ‘शेवाळ खाणारा मासा’ ही संज्ञाच मोघम आहे. झेब्रासोमा आखूड तंतुमय शेवाळ खुडतो. टेनोकीटसचे दात लवचिक असल्याने तो खडकावरील पातळ थर व गाळ जणू विंचरून घेतो. सिगॅनसला पानासारखे मोठे शेवाळ चालते. ब्रायोप्सिसला मात्र बहुतेक मासे तोंड लावीत नाहीत. २००६ साली बेलवुड, ह्यूज व होई यांनी ऑस्ट्रेलियातील ऑर्फियस बेटाजवळच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेथे माजलेल्या सरगॅसमवर पोपटमासे व सर्जन मासे यांचा परिणाम नगण्य ठरला. त्याचा फडशा पाडला तो प्लॅटॅक्स पिन्नाटसने, आणि हा मासा तोवर मुख्यतः अपृष्ठवंशी प्राणी खाणारा समजला जात असे! ग्रंथातील आहारसूचीवर विसंबणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, खाल्लेले शेवाळ नाहीसे होत नाही. थोडा अंश माशाच्या देहात साठतो. उरलेले नत्र मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने, तर स्फुरद मलमूत्रातून पाण्यात परतते. जीवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात व शेवाळाला पुन्हा खत मिळते. मासा गवत कापतो, पण ते शेताबाहेर नेत नाही. यास्तव जाणकार मत्स्यपालक वेगळ्या प्रकाशित कप्प्यात कीटोमॉर्फा हे शेवाळ मुद्दाम वाढवितात व वेळोवेळी उपटून टाकतात. माशाकडे मग खडक स्वच्छ राखण्याचे काम तेवढे उरते.

आता उल्हासकडे वळू. गवत्या अथवा ग्रास कार्प हा मासा भारतात १९५९ साली आणला गेला. हायड्रिलासारख्या बुडालेल्या वनस्पती तो आवडीने खातो, जलपर्णी सहसा टाळतो. शिवाय जे खातो त्याचा बराच भाग अर्धवट पचलेल्या स्थितीत बाहेर पडतो. चीनमधील मिश्र मत्स्यशेतीत या विष्ठेवर प्लवक पोसले जाते व ते इतर माशांचे अन्न होते; तळ्यात हा लाभच होय. सांडपाण्याने आधीच पोसलेल्या नदीत त्याला लाभ म्हणता येत नाही. जलपर्णी यंत्राने उपसणे खर्चिक व पुन्हा पुन्हा करावे लागणारे काम खरे, पण तिच्याबरोबर नत्र व स्फुरद पात्राबाहेर जातात. मात्र उपसलेले ढीग काठावरच कुजू दिले, तर पहिल्या पावसात ते द्रव्य नदीतच उतरते.