हिरव्या टोपीखालची ढाल

नवी मुंबईतल्या कॅथलिकांवर एकाहून अधिक धर्मप्रांतांचा अधिकार चालतो. वाशी-नेरूळकडची लॅटिन परंपरेतली चर्चेस मुंबई महाधर्मप्रांतात मोडतात, तर केरळहून आलेल्या सिरो-मलबार कुटुंबांसाठी १९८८ साली कल्याणचा वेगळा धर्मप्रांत झाला. धर्मप्रांताचा प्रमुख म्हणजे बिशप; त्याच्या पत्राच्या माथ्यावर आणि शिक्क्यात त्याचे व्यक्तिगत मुद्राचिन्ह असते: ढाल, मागे क्रूस, वर रुंद काठाची टोपी, खाली ब्रीदवाक्य. हे चिन्ह म्हणजे युरोपातल्या सरदारकीचा अवशेष, असे मानणारे पुष्कळ आहेत. माझे मत वेगळे आहे. त्याची चौकट रोमने ठरवली असली तरी ढालीचे पोट मोकळे आहे आणि ते इथल्या मातीने भरायला हवे.

चौकटीचे नियम मात्र काटेकोर आहेत. बिशपची टोपी हिरवी. तिच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा गोंडे, वरून खाली एक, दोन, तीन अशा ओळींत. आर्चबिशपला चौथी ओळ मिळते, म्हणजे दहा गोंडे, आणि ढालीमागच्या क्रूसाला एकाऐवजी दोन आडव्या पट्ट्या. कार्डिनलची टोपी लाल, गोंडे पंधरा. मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशियस १९५३ साली पहिले भारतीय कार्डिनल झाले, तेव्हा नियमाप्रमाणे बदल व्हायचा तो टोपीच्या रंगात आणि गोंड्यांत. पद वाढले म्हणून ढालीतली चित्रे बदलावी लागत नाहीत. हुद्दा बाहेर आणि माणूस आत, अशी ही विभागणी आहे.

सरदारकीच्या आक्षेपात तथ्य आहे, पण ते ख्रिस्तसभेने स्वतःच ओळखले. १९६९ च्या रोमच्या सूचनेने बिशपांच्या चिन्हातून मुकुट आणि दंड काढायला लावले. क्रूस आणि टोपी एवढेच उरले. शिवाय मुद्रेची परंपरा आपल्याला परकी नाही. इथल्याच ठाण्याच्या खाडीकाठावर राज्य केलेल्या शिलाहारांच्या ताम्रपटांवर गरुडाची मुद्रा असे, आणि मराठेशाहीतल्या पत्रांना माथ्यावर मुद्रा आणि शेवटी मोर्तब लागे. हे पत्र कोणाच्या अधिकाराने निघाले, हे सांगणे हेच दोन्हीकडचे मूळ काम.

आता ढालीत काय काढायचे? कमळ, समई, भारताचा नकाशा ही चित्रे सहज सुचतात. ती चुकीची नाहीत, पण फार ढोबळ आहेत. कमळ पाहून बिशप गुवाहाटीचा की मुंबईचा, हे कसे कळावे? मुंबई महाधर्मप्रांताला ठाण्याची खाडी शोभेल, कारण तिचे दोन्ही काठ त्याच्याच हद्दीत येतात. खाडी म्हटली की फ्लेमिंगो आलाच. इथे खरी कारागिरी लागते. मुद्राशास्त्रात सोनेरी आणि रुपेरी हे दोन ‘धातू’, बाकीचे ‘रंग’. रंगावर रंग चढवायचा नाही, म्हणजे चित्र लांबूनही ओळखू येते. गुलाबी तर त्या जुन्या यादीत नाहीच. लाल फ्लेमिंगो निळ्या पाण्यावर काढला तर नियम मोडतो. तेव्हा निळ्या क्षेत्रावर रुपेरी पक्षी, किंवा रुपेरी क्षेत्रावर लाल. मला दुसरा पर्याय जास्त पटतो: खाडीचे पाणी निळे नसतेच, ओहोटीनंतर उघडा पडलेला चिखल उन्हात रुपेरी चमकतो.

यावर एक रास्त हरकत उरते. बिशपची बदली होते. थॉमस डाबरे १९९८ साली नव्या वसई धर्मप्रांताचे पहिले बिशप झाले आणि २००९ साली पुण्याला गेले. मग स्थानिक चित्र त्यांच्यासोबत का जावे? उत्तर जुन्या पद्धतीतच आहे. ढाल उभी दुभागायची; पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला धर्मप्रांताचे चिन्ह, उजव्या हाताला बिशपचे स्वतःचे. बदली झाली की उजवा भाग त्याच्याबरोबर जातो, डावा पुढच्या बिशपसाठी राहतो. खाडी आणि तिचा पक्षी डाव्या भागातच काढावेत. उजव्या भागात बिशपने आपले गाव, आपला संत आणि आपले काम मांडावे.